आश्रमशाळेत समुपदेशक व्हायचं आहे

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातली, घरी पावरी बोलतो. पहिलीपासून आश्रमशाळेत शिकले, आता मानसशास्त्रात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आश्रमशाळेतल्या मुलांची समुपदेशक व्हायचं आहे. घरचे म्हणतात, बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. मी काय शिकू? आणि तिथे नेमकं काम काय असतं?

उत्तर : घरच्यांची काळजी खोटी नाही. सरकारी शाळांत समुपदेशकाची कायम पदं फार थोडी. बरंचसं काम कंत्राटी किंवा संस्थांमार्फत चालतं. समुपदेशन मानसशास्त्रातली एम.ए. तुला मुलासमोर बसायला जास्त चांगलं तयार करेल. तरी मी तुला एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) सुचवेन. आश्रमशाळेतलं निम्मं काम वसतिगृहाची अधीक्षिका, मुख्याध्यापक, स्वयंपाकी, कामाठी यांच्याशी असतं. शिवाय त्याच पदवीवर जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि किशोरवयीनांची मैत्री क्लिनिकं इथेही अर्ज करता येतो. प्रवेशाआधी विचार : क्षेत्रकार्य (प्रत्यक्ष कामाचा सराव) आठवड्यात किती दिवस, मुलांसोबत आहे का, आणि पर्यवेक्षण कोण करतं? आणखी एक, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी नसताना स्वतःला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घेऊ नकोस.

आता कामाबद्दल. घरातला मृत्यू, मारहाण, दारू, स्थलांतर, किंवा सहाव्या वर्षी आईपासून दूर वसतिगृहात राहणं. यातलं काहीही मुलाच्या अंगात भीती होऊन बसतं. ते मूल तसं सांगत नाही. वर्गात पेंगतं, कारण रात्री झोपत नाही. भाकरी गादीखाली लपवतं. पोट दुखतं म्हणतं. अंथरूण ओलं करतं आणि त्याबद्दल चारचौघांत बोलणी खातं, मग भीती वाढते आणि अंथरूण पुन्हा ओलं होतं. इथे उपाय साधा आहे : जादा चादर गुपचूप द्यायची, आणि अधीक्षिकेला हे चक्र समजावून सांगायचं. होळी-दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पहिले काही दिवस जड जातात. तेव्हा शाळेतच राहा.

गप्प बसणाऱ्या मुलाला शाळा 'हट्टी' म्हणते. पण ते घाबरून थिजलंय की त्याला मराठीच कळत नाही? आधी पावरीत बोल. लगेच मोकळं झालं, तर अडचण भाषेची होती. हा फरक ओळखायला बाहेरून आलेल्याला फार वेळ लागतो, तुला नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते 'काय झालं ते सगळं सांग' म्हणण्यात. तयारी नसताना सांगायला लावलं तर मूल तो प्रसंग पुन्हा भोगतं. शेजारी बस, दार थोडं उघडं ठेव, 'नको' म्हणायची मुभा दे. मूल घाबरं झालं तर त्याला पाय जमिनीला टेकवायला सांग, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचार. भेटीचा वार आणि वेळ ठरलेली ठेव, आणि येऊ शकणार नसशील तर आधी सांग. मुलाचे घरचे त्याला बडव्याकडे, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, नेत असतील तर बडव्याला नावं ठेवू नकोस, नाहीतर पालक तुझ्याकडे पाठ फिरवतील.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांग. लैंगिक अत्याचार कळला, तर पोक्सो कायदा, 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव जाईल' हे कारण चालत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिही, उलटतपासणी करू नकोस, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनची मदत घे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर मुलाला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. घटनेला महिना उलटूनही वाईट स्वप्नं, दचकणं थांबत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे पाठव.

तूही लहानपणीच घर सोडलंस. क्षेत्रकार्य सुरू झालं की तुझ्या जुन्या आठवणी वर येतील. पर्यवेक्षकांना हे आधीच सांगून ठेव.