टी-शर्टच्या आधी विम्याच्या हप्त्यांचा हिशेब

आपण विचारलेला प्रश्न साधा आहे. आपण ३४ वर्षांच्या असून नोकरी करता, स्वतः काढलेल्या चित्रांचे टी-शर्ट विकायचा आपला बेत आहे आणि छपाईवाला १०० नगांच्या तुलनेत ५०० नगांना प्रत्येकी २० टक्के कमी दर लावायला तयार आहे. तर ५०० नग एकदम घ्यावेत की १०० पासून सुरुवात करावी? मात्र पत्राच्या शेवटी आपण ओझरते लिहिले आहे, की भांडवलाची अडचण नाही, कारण विमा पॉलिसींवर कर्ज मिळते आहे आणि एजंटने सुचवल्याप्रमाणे धंद्याच्या नफ्यातून आपण चौथी पॉलिसी घेणार आहात. माझे बहुतेक उत्तर या एका वाक्याला आहे.

आपली खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून सगळ्या रकमा आपल्या एका महिन्याच्या घरखर्चाच्या पटीत मांडतो. म्हणजे ‘तीन महिने’ म्हटले की तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम समजावी.

टी-शर्टचा निकाल आधी लावू. आपली पाच डिझाइन आहेत, प्रत्येकाचे दोन रंग आणि पाच मापे. म्हणजे ५० प्रकार झाले आणि ५०० नगांतून प्रत्येकाच्या वाट्याला दहा नग आले. त्याऐवजी दोन डिझाइन एकाच रंगात केली तर प्रकार दहाच होतात आणि १०० नगांतही प्रत्येकाचे तेच दहा नग मिळतात. मोठ्या ऑर्डरने प्रत्येक प्रकाराचा साठा वाढत नाही, फक्त पसारा वाढतो. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन तयार करावी लागते, तो खर्च जास्त नगांवर विभागला गेला की दर उतरतो. त्यामुळे छपाईवाल्याची सवलत खोटी नाही. पण ती त्याच्या सोयीची आहे. न खपलेला माल त्याच्या घरात नव्हे, आपल्या घरात पडून राहणार आहे.

इथे मात्र महिन्यांऐवजी मोठ्या ऑर्डरमधल्या एका नगाची किंमत १०० धरली, तर छोट्या ऑर्डरमध्ये ती १२५ पडते. आपला विक्रीचा भाव २५०. आपण नगामागे १५० नफा धरून त्याला ५०० ने गुणले आहे, म्हणजे ७५,००० चा आकडा काढला आहे. त्यात विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन, पार्सल, परत आलेल्या मालाचा भुर्दंड आणि जाहिरात कुठेच नाही. ही सगळी मिळून नगामागे ९५ धरली, तरी ती फार सढळ नाहीत. आता ३५० नग पूर्ण भावाने गेले, १०० निम्म्या भावाने काढावे लागले आणि ५० पडून राहिले असे समजा. नव्या ब्रँडला हे काही वाईट यश म्हणता येणार नाही. जमा १,००,०००, मालाचे ५०,०००, विक्रीखर्च सुमारे ४३,०००, उरले ७,०००. यात आपल्या रात्रींची मजुरी धरलेली नाही. १०० नगांत नगामागे २५ जास्त जातात, पण पहिला अंदाज साफ चुकला तरी गुंतलेली रक्कम चौथाईच असते. १०० नग घ्या. हा प्रश्न इथे संपला.

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे. आपल्या घरात तीन एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या, पॉलिसी आहेत, मुदत २० वर्षे, वार्षिक हप्ता मिळून तीन महिने, आणि चार हप्ते भरून झाले आहेत. पतीच्या नावे दोन पॉलिसींत मिळून ४० महिन्यांचे विमा संरक्षण आहे, चार वर्षांच्या मुलाच्या नावे २० महिन्यांचे, आणि आपल्या नावे काहीही नाही. घराच्या मिळकतीत आपला वाटा जवळजवळ निम्मा असताना आपल्या जीवाचा विमा शून्य आहे आणि ज्याच्या मिळकतीवर कोणीही अवलंबून नाही त्या मुलाचा मात्र आहे. पतीचे काही बरेवाईट झाले तर सव्वातीन वर्षांचा खर्च निघेल. मूल तेव्हा शाळेतच असेल. ही रचना ज्याने बसवली त्याने आपल्या गरजा विचारल्या होत्या असे मला वाटत नाही. त्यावर चौथी पॉलिसी सुचवणे हा तर कोडगेपणाच झाला.

‘वीस वर्षांनी ११० महिने मिळतील, म्हणजे नऊ वर्षे बघायला नको’, असे आपण लिहिले आहे. वर्षाला तीन याप्रमाणे आपण ६० भरणार आणि ११० घेणार. हा परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. वीसपैकी चार वर्षे सरली, सोळा उरली. महागाई सहा टक्के धरली तर आज एका महिन्याला लागणारा पैसा सोळा वर्षांनी अडीच पट झालेला असेल, आणि त्या ११० मधून तेव्हाचा चार वर्षांचाही खर्च निघणार नाही. शिवाय ११० पैकी हमी फक्त ६० ची आहे. उरलेले ५० हा एजंटने कागदावर दाखवलेला बोनस आहे.

या पॉलिसींवर आपण चार महिन्यांचे कर्ज दहा टक्क्यांनी काढणार, शिल्लक असलेली दोन महिन्यांची बचत त्यात घालणार आणि सहा महिने धंद्यात टाकणार. म्हणजे साडेपाच टक्के मिळवणाऱ्या स्वतःच्याच पैशांवर दहा टक्के व्याज भरायचे, आणि तेही अडीअडचणीला घरात एक दमडी न ठेवता. मधेच विम्याचा दावा करायची वेळ आली, तर कर्ज आणि साचलेले व्याज वळते करूनच रक्कम हाती पडते. तीन महिन्यांचा पुढचा हप्ता याच वर्षी येणार आहे. माल अडकला तर तो कशातून भरणार, याचा उल्लेख पत्रात नाही.

पॉलिसी सगळ्या मोडून टाका, असे मात्र मी घाईने म्हणणार नाही. आज सरेंडर केल्यास भरलेल्या बारांपैकी सुमारे पाच हाती येतील असे आपल्याला सांगितले आहे. गेलेले सात कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत, म्हणून तुलना आजपासून पुढे करावी. दाखवलेला बोनस पुरेपूर मिळाला तर इथून पुढचा परतावा सात टक्क्यांच्या वर जातो. नुसती हमीची रक्कम मिळाली तर जेमतेम सव्वा टक्का. तेव्हा अडचण केवळ परताव्याची नाही. हे तीन महिने दरवर्षी गेल्यामुळे ना पुरेसा विमा उभा राहतो, ना गंगाजळी.

क्रम असा ठेवावा. आधी आपण आणि पती, दोघांसाठी स्वतंत्र मुदत विमा घ्यावा, प्रत्येकी किमान १२० महिन्यांचा; त्यात मुदत संपल्यावर काहीही परत मिळत नाही, आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. दोघांचा मिळून वार्षिक हप्ता निरोगी माणसांना या वयात सहसा एका महिन्याच्या खर्चाइतकाही नसतो. प्रकृतीची माहिती खरी द्यावी. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुन्यांना हात लावू नये. त्यानंतर कंपनीकडून, एजंटकडून नव्हे, प्रत्येक पॉलिसीचे सरेंडर मूल्य आणि पेड-अप मूल्य लेखी मागवावे. मुलाच्या नावाची पॉलिसी बंद करावी, पतीच्या दोन्ही पेड-अप करता येतील. पेड-अप केल्यावर पुढचे हप्ते थांबतात आणि कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळते. वर्षाला वाचणारे दोन महिने बचतीत घातले तर दोन वर्षांत ती सहा महिन्यांवर जाईल. सरेंडरचे पैसे याच खात्यात जावेत, टी-शर्टमध्ये नव्हे.

येत्या सहा महिन्यांत (इथे रक्कम नव्हे, काळ) नोकरी सोडण्याचा आपला विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपला दरमहाचा पगार ०.७ महिने आहे. १०० नगांच्या ऑर्डरचे १२,५०० म्हणजे साधारण एका महिन्याचा खर्च, म्हणून टी-शर्टच्या हिशेबात हा पगार ८,७५० होतो. वरच्या हिशेबाने छोट्या ऑर्डरमध्ये नगामागे ३० उरतात, आणि तेवढा पगार उभा करायला दरमहा २९० नग पूर्ण भावाने खपावे लागतील. मोठ्या ऑर्डरच्या दराने नगामागे ५५ उरतील, तरी १६०. शिवाय कुटुंबाचा आरोग्य विमा आपल्या कार्यालयाकडून आहे आणि नोकरी सुटली की तोही सुटेल. स्वतंत्र आरोग्य विमा घेतल्याशिवाय राजीनाम्याचा मसुदाही लिहू नये.

पहिल्या १०० नगांना साधारण एक महिन्याचा खर्च लागेल. तो या वर्षीच्या पगारातून साठवावा, कर्जातून नव्हे. मापांचे समान वाटे करू नयेत. एम आणि एल मिळून निम्म्याहून अधिक असावेत, कारण टोकाची मापेच शेवटी उरतात. ऑर्डर देण्यापूर्वी छापलेला एक नमुना मागवून, धुण्याआधी त्याची लांबी आणि छातीचे माप लिहून ठेवावे, मग तो पाचदा धुऊन वाळवावा आणि पुन्हा मोजावा. छपाईला भेगा पडल्या किंवा कापड दोन बोटे आटले, तर आगाऊ रक्कम देऊ नये.