दाढ, सिमेंट आणि लाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खालच्या दाढेतली जुनी चांदी काढून दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घेतलं. दहा महिन्यांतच कडेला काळी रेघ आली, गार पाणी लागलं की सणक जाते. चांदी सोळा वर्षं टिकली होती. नवं साहित्यच कच्चं का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : कच्चं नाही, नखरेल आहे. दातात भरतात त्या चांदीत साधारण निम्मा पारा असतो. ती दाताला चिकटत नाही. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद अशा खड्ड्यात अडकून बसते. भरताना थोडी लाळ लागली तरी सांभाळून घेते. कंपोझिट, म्हणजे तुमचं दाताच्या रंगाचं सिमेंट, मात्र चिकटवावं लागतं, आणि ते बिघडवायला लाळेचा एक थेंब पुरतो.

आधी ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिडचं जेल इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या टणक थराच्या, कडांना लावतात, मग आतल्या मऊसर थराला, डेंटिनला. डेंटिनवर १५ सेकंदांहून जास्त नाही. ते धुतल्यावर हवा मारताना डेंटिन पार सुकवलं, तर त्यातली कोलॅजनच्या तंतूंची जाळी चपटी होते आणि बाँडिंग, म्हणजे चिकटवणारा द्रव, आत मुरत नाही. भरल्यानंतरच्या सणकेचं हे नेहमीचं कारण. बाँडिंग २० सेकंद घासून लावायचं, हवेनं त्यातला उडून जाणारा भाग उडवायचा आणि ते घट्ट करणारा निळा लाईट द्यायचा. पुढे कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी, दर थराला पुन्हा लाईट. घट्ट होताना ते २ ते ३ टक्के आकसतं. पाच मिलिमीटरचा खड्डा एका दमात भरला तर ते भिंतीपासून सुटतं आणि तळ मऊच राहतो. वरून टणक लागतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. 'बल्क-फिल' या जाड थरात भरायच्या प्रकाराला साधारण ४ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे, वाटेल तितकी त्यालाही नाही. लाईटच्या टोकाला जुनं कंपोझिट चिकटलेलं असेल, तर सेकंद मोजून उपयोग नाही.

आपल्याकडची एक गोष्ट. लहानपण झाबुआ-धारकडच्या फ्लोराइडच्या पाण्यावर गेलं असेल आणि दातांवर तपकिरी डाग असतील, तर ते इनॅमल ॲसिडला सहजी दाद देत नाही. तिथे ॲसिड जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर आधी किंचित खरवडावा लागतो. हे डॉक्टरांना आधीच सांगा.

आता एक्स-रे काढून घ्या. नुसता डाग असेल तर पॉलिश पुरे. खाली कीड असेल तर सगळं काढून, रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबराचा पडदा) लावून पुन्हा भरावं. हिरडीजवळ इनॅमल उरलं नसेल तर तळाशी ग्लास आयनोमर (दाताला आपणहून चिकटणारं सिमेंट) आणि वर कंपोझिट बरं. सणक दोन-चार सेकंदांत जाते तोवर ठीक. ती रेंगाळू लागली किंवा रात्री ठणका उठला, तर प्रकरण दाताच्या नसेपर्यंत पोचलंय.

प्रश्न : कॅप झिर्कोनियाची (पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) घ्या, पंधरा वर्षांची वॉरंटी आहे, असं सांगतात. धातूवरच्या पोर्सिलेनची बरीच स्वस्त पडते. काय घ्यावं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : वॉरंटी कार्ड झिर्कोनियाचं असतं, बसवण्याचं नव्हे. कॅपची कड दाताला नीट भिडली नाही, तर आत कीड लागते आणि कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहतं. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कॅप मोठ्या मापाची कोरतात. सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर ती २० ते २५ टक्के आकसून मापावर येते.

दाढेसाठी अखंड झिर्कोनिया मागा. पोर्सिलेनचा थर दिलेल्या कॅपचा, खाली धातू असो की झिर्कोनिया, टवका उडू शकतो; हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद) आणि कडक शेव चालूच राहणार! जास्त पारदर्शक झिर्कोनिया दिसायला छान, पण ताकदीनं कमी. ते पुढच्या दातांना. बसवल्यावर चावा उंच लागला म्हणून घासली, तर ती जागा पुन्हा पॉलिश झालीच पाहिजे. खरखरीत राहिली तर समोरचा दात झिजवते. शेवटची दाढ बुटकी असेल तर पूर्ण धातूची कॅप घ्यायला लाजू नका, तिला दात कमी कोरावा लागतो.

प्रश्न : रूट कॅनाल करताना सुईचा तुकडा आत तुटला. दाढ काढावी लागेल का? (लोकमान्यनगर)

उत्तर : बहुधा नाही. निकेल-टायटॅनियमची फाईल, म्हणजे तुमची ती सुई, लवचीक असते, पण वाकड्या मुळात फिरून फिरून थकते आणि स्टीलसारखी आधी पीळ सुटल्याची खूण न देता तुटते. मुळातली नळी त्याआधीच साफ झाली असेल तर तुकडा आत ठेवून वरून बंद करतात. जंतू उरलेले असताना तुटली तर तुकडा काढण्याचा किंवा बाजूनं वाट करण्याचा प्रयत्न होतो. तुकडा कोणत्या मुळात, टोकापासून किती मिलिमीटरवर, हे केसपेपरवर लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी, मग वर्षानं एक्स-रे काढा.