वाचकांचे प्रश्न : करार कोणाला बांधतो, खेळाडूला की क्लबला?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : नावाजलेला फुटबॉलपटू आणि त्याचा क्लब यांचे करारावरून बिनसले की पुढे नेमके काय होते आणि बाजी कोणाच्या हाती राहते. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : २०२० मध्ये लिओनेल मेस्सीला बार्सिलोना सोडायचे होते आणि त्याच्या करारात तशी मुभा देणारे कलमही होते, असे वाचले होते. मग तो गेला का नाही? ऐन वेळी उपयोगी पडणार नसेल तर असे कलम करारात घालायचे तरी कशाला?

उत्तर : कलम होते, आणि वादही त्याच कलमावरून झाला. १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये बायर्न म्युनिकने बार्सिलोनाचा ८–२ असा धुव्वा उडवला. त्यानंतर ११ दिवसांनी, आपण क्लब सोडत आहोत असे कळवणारा मेस्सीचा ‘बुरोफॅक्स’ क्लबच्या कार्यालयात येऊन पडला. बुरोफॅक्स ही स्पेनच्या टपाल खात्याची सेवा आहे. तीत पाठवलेला मजकूर काय होता आणि तो कोणत्या दिवशी कोणाच्या हाती पडला, या दोन्हींची अधिकृत नोंद राहते. असे पत्र पाठवणारा माणूस रुसलेला नसतो, तो पुराव्याची तयारी करत असतो. त्यामुळे मेस्सी केवळ पगारवाढीसाठी अडून बसला आहे, असा जो सूर तेव्हा उमटला होता, तो मला कधीच पटला नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केलेला त्याचा करार ३० जून २०२१ रोजी संपणार होता. मात्र २०१९–२० चा हंगाम संपताना त्याला कोणतीही भरपाई न देता जाता येईल, अशी सवलत त्यात होती. क्लबच्या म्हणण्यानुसार ती वापरायची तर तसे १० जूनपर्यंत कळवणे आवश्यक होते. एरवीच्या वर्षी या तारखेत काही वावगे नव्हते, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळ्या स्पर्धा आटोपलेल्या असतात आणि खेळाडूला हंगामाचा हिशेब मांडून निर्णय घेता येतो. त्या वर्षी मात्र करोनामुळे मार्चमध्ये खेळ थांबला, ला लीगाचे, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगचे, सामने १९ जुलैला संपले आणि युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत २३ ऑगस्टला झाली. म्हणजे १० जून उजाडला तेव्हा हंगाम संपणे दूरच, थांबलेली लीग पुन्हा सुरूही झालेली नव्हती. कलमाचा हेतू ‘हंगाम संपल्यावर निर्णय’ असा आहे, त्यामुळे हंगामाबरोबर तारीखही पुढे सरकली पाहिजे, असे मेस्सीच्या बाजूचे म्हणणे होते. क्लबचे म्हणणे एवढेच होते की, कागदावर जी तारीख आहे तीच तारीख.

माझ्या मते मेस्सीचा युक्तिवाद कच्चा नव्हता. कामगार न्यायालयात तो टिकलाही असता, पण निकाल लागेपर्यंत किती काळ गेला असता याचा अंदाज कोणालाच देता येत नव्हता, आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत त्या वर्षी ५ ऑक्टोबरला संपणार होती. ३० ऑगस्टला ला लीगाने क्लबची बाजू उचलून धरली : करार चालू आहे, आणि तो मधेच सोडण्यासाठी त्यात लिहिलेले ७० कोटी युरो भरल्याशिवाय खेळाडूला मुक्त करण्याची कागदपत्रे पुढे पाठवली जाणार नाहीत. त्याच दिवशी क्लबने ठेवलेल्या करोना चाचणीला मेस्सी गेला नाही. ४ सप्टेंबरला त्याचे वडील आणि प्रतिनिधी होर्हे मेस्सी यांनी लीगला पत्र लिहून, हंगाम संपल्यानंतर ही भरपाई लागूच होत नाही, असे कळवले. मात्र त्याच संध्याकाळी मेस्सीने एका मुलाखतीत आपण राहणार असल्याचे सांगितले. हंगामाच्या शेवटी निर्णय तुझा, असे अध्यक्ष आपल्याला वर्षभर सांगत आले होते, पण ज्या क्लबने आपल्याला घडवले त्याला न्यायालयात खेचण्याची आपली तयारी नाही, असे त्याचे म्हणणे होते. ७ सप्टेंबरला तो सरावाला हजर झाला.

भावनेचा भाग खरा असेलच. पण त्यामागचे व्यावहारिक कारणही पाहायला हवे. त्याला घेऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही क्लबसमोर दोन शक्यता होत्या : मेस्सी फुकट मिळेल किंवा त्याच्यापोटी ७० कोटी युरोंचा दावा अंगावर येईल. असा जुगार कोणताही हिशेबी व्यवस्थापक खेळत नाही. अध्यक्षांच्या तोंडी आश्वासनावर विसंबून १० जून टळू देणे, हीच मेस्सीच्या बाजूची चूक होती. ‘निर्णय अजून झालेला नाही, पण हक्क राखून ठेवतो’ अशा अर्थाचे पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले असते, तर ऑगस्टमध्ये घाम क्लबला फुटला असता.

पुढच्या वर्षी चित्र नेमके उलटे झाले. ३० जून २०२१ रोजी करार संपला आणि कालपर्यंत ७० कोटी किंमत लावलेला खेळाडू कोणालाही शून्य शुल्कात मिळू लागला. या वेळी त्याला राहायचे होते आणि मानधन निम्मे करण्याचीही त्याची तयारी होती, परंतु क्लबवरील कर्ज नव्या अध्यक्षांनीच सांगितल्याप्रमाणे १३५ कोटी युरोंच्या घरात गेले होते आणि ला लीगाच्या खर्चमर्यादेत त्याची नोंदणी बसेना. ५ ऑगस्टला क्लबने तो जात असल्याचे जाहीर केले आणि १० ऑगस्टला पॅरिस सेंट जर्मेनने त्याला करारबद्ध केले.

प्रश्न : हे ७० कोटी युरो कोण ठरवते? एवढी रक्कम कोणी खरोखर भरते का?

उत्तर : दोन्ही पक्ष मिळून ठरवतात, आणि बहुतेक वेळा ती कोणी भरू नये एवढ्यासाठीच ठरवतात. स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडूंसाठी १९८५ चा एक शाही हुकूम लागू आहे. त्यानुसार खेळाडूला करार मधेच मोडता येतो, मात्र क्लबला भरपाई द्यावी लागते. ही भरपाई आधी ठरलेली नसेल तर ती कामगार न्यायालय ठरवते. न्यायालयाने ठरवलेला आकडा परवडणारा निघू नये, म्हणून क्लब करारातच अवाढव्य रक्कम लिहून मोकळे होतात. मराठीत तिला सर्रास ‘रिलीज क्लॉज’ म्हटले जाते.

तरीही कधी कधी ती भरली जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये नेमारची २२ कोटी २० लाख युरोंची रक्कम घेऊन त्याचे वकील आधी ला लीगाच्या कार्यालयात गेले होते. लीगने ती स्वीकारायला नकार दिला, तेव्हा ती थेट बार्सिलोना क्लबकडे जमा करण्यात आली आणि त्याच दिवशी नेमार मोकळा झाला. कायद्याच्या दृष्टीने हे पैसे खेळाडू भरतो. ते त्याच्या खिशात कोठून आले, हे सांगायला नको.

प्रश्न : साधा नोकरदार राजीनामा देऊन नोकरी सोडू शकतो. मग फुटबॉलपटूने राजीनामा दिला तर एवढा गहजब कशासाठी?

उत्तर : कारण त्याचा करार ठरावीक मुदतीचा असतो, आणि अशा करारात ‘महिनाभराची सूचना देऊन निघालो’ हा मार्ग दोघांनाही बंद असतो. क्लबलाही फॉर्म हरपलेल्या खेळाडूला उरलेला पगार न देता घरी पाठवता येत नाही. ही बाजू चर्चेत फारशी येत नाही, म्हणून ती मुद्दाम नोंदवतो.

फिफाच्या नियमांनुसार सबळ कारण नसताना करार मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. शिवाय सुरुवातीच्या संरक्षित काळात करार मोडला तर काही महिन्यांची खेळण्याची बंदीही येते. हा काळ २८ व्या वर्षापूर्वी केलेल्या करारासाठी ३ वर्षांचा आणि त्यानंतर केलेल्या करारासाठी २ वर्षांचा असतो. स्कॉटलंडच्या अँडी वेबस्टरने २००६ मध्ये या नियमाचा नेमका फायदा उठवला. हार्ट्स क्लबशी असलेल्या ४ वर्षांच्या करारातील ३ वर्षे पूर्ण झाल्यावर त्याने करार मोडला आणि तो विगनला गेला. हार्ट्सने सुमारे ५० लाख पौंड मागितले, पण क्रीडा लवादाने जानेवारी २००८ मध्ये केवळ उरलेल्या पगाराएवढे, म्हणजे १ लाख ५० हजार पौंड मंजूर केले. आता क्लबांचे दिवस भरले, असे त्या वेळी अनेकांना वाटले होते. पुढच्याच वर्षी त्याच लवादाने करार मोडून गेलेल्या मातुझालेम या ब्राझिलियन खेळाडूच्या प्रकरणात त्याच्या आधीच्या क्लबला, युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्कला, सुमारे १ कोटी १९ लाख युरो मंजूर केले. आपले मोल किती लावले जाईल हे खेळाडूला आधी कळतच नाही आणि त्याला पाऊल उचलण्यापासून रोखण्यासाठी ही अनिश्चितताच पुरेशी ठरते.

या व्यवस्थेला अलीकडे मोठा धक्का बसला. रशियाच्या लोकोमोटिव्ह मॉस्को क्लबने २०१४ मध्ये करारभंगाचा ठपका ठेवून लासाना दियारा या फ्रेंच खेळाडूचा करार संपुष्टात आणला आणि त्याच्यावर १ कोटी ५ लाख युरोंच्या भरपाईचा बोजा पडला. नव्या क्लबवरही ही भरपाई संयुक्तपणे लादली जाण्याची भीती असल्याने त्याला काम मिळेना. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने यांपैकी काही नियम संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवले आणि फिफाला ते बदलायला घ्यावे लागले. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर येत्या काही वर्षांत बदलण्याची शक्यता आहे.

प्रश्न : करार वाढवत नाही म्हणून क्लबने खेळाडूला संघाबाहेर बसवणे, वेगळा सराव करायला लावणे कायदेशीर आहे का?

उत्तर : आपल्या पत्राचा रोख किलियन एम्बाप्पेकडे आहे, हे उघड आहे. पॅरिस सेंट जर्मेनशी असलेल्या २०२२ च्या त्याच्या करारात शेवटचे वर्ष वाढवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. जून २०२३ मध्ये त्याने, आपण ते वर्ष वाढवणार नाही, असे पत्राने कळवले. याचा अर्थ २०२४ मध्ये तो एक पैसाही मिळवून न देता जाणार होता. त्यामुळे तो आत्ताच विकला गेला तर बरे, असे क्लबला वाटले. सौदी अरेबियाच्या अल हिलालने ३० कोटी युरो देऊ केले, पण एम्बाप्पे त्यांना भेटायलाही तयार झाला नाही. नाक दाबले की तोंड उघडते, या हिशेबाने त्याला जपानच्या दौऱ्यातून वगळण्यात आले आणि क्लबला नको असलेल्या खेळाडूंबरोबर सरावाला पाठवण्यात आले. १२ ऑगस्टच्या लोरियाँविरुद्धच्या सामन्यातही तो नव्हता. तो सामना बरोबरीत सुटला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला मुख्य सरावात परत घेण्यात आले.

प्रशिक्षकाने कोणाला खेळवावे, यात न्यायालय सहसा पडत नाही. मात्र करार वाढवून घेण्यासाठी किंवा खेळाडूला घालवण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला छळ हे करार मोडण्याचे सबळ कारण ठरू शकते, असे फिफाचे नियम सांगतात. प्रस्थापित खेळाडूला हंगामातील दहा टक्क्यांहूनही कमी अधिकृत सामन्यांत खेळवले गेले, तर त्याला क्रीडाविषयक कारणावरून करार संपवता येतो. तसेच दोन महिन्यांचे पगार थकले आणि लेखी सूचना देऊन १५ दिवसांत ते मिळाले नाहीत, तरी तो मोकळा होतो. ताऱ्यासारख्या खेळाडूच्या बाबतीत दहा टक्क्यांच्या नियमाची वेळ क्वचितच येते, कारण त्याला बाहेर बसवण्याची किंमत गुणतक्त्यात लगेच दिसू लागते.

एम्बाप्पे २०२४ मध्ये रेआल माद्रिदला गेला, आणि त्यानंतर पैशांचा वाद उभा राहिला. बोनस आणि शेवटच्या तीन महिन्यांचा पगार मिळून सुमारे ५.५ कोटी युरो थकले आहेत, असा त्याचा दावा होता. फुकट गेलो तर काही रकमेवर पाणी सोडेन, असे त्याने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्य केले होते, असे क्लबचे म्हणणे होते. परंतु तसा लेखी करार क्लबला दाखवता आला नाही. फ्रेंच लीगच्या समितीने २०२४ मध्ये आणि पॅरिसच्या कामगार न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये निर्णय एम्बाप्पेच्या बाजूने दिला. न्यायालयाने मंजूर केलेली रक्कम सुमारे ६ कोटी युरो होती. मेस्सीच्या प्रकरणात तोंडी शब्दाचा फटका खेळाडूला बसला होता, येथे तो क्लबला बसला.

प्रश्न : कोट्यवधी कमावणाऱ्यांच्या या भांडणांत आम्ही सहानुभूती कोणाला दाखवायची?

उत्तर : कोणालाच दाखवली नाही तरी चालेल. मात्र आज मेस्सी आणि एम्बाप्पे ज्या हक्कांवर उभे आहेत, ते कोट्यधीशांनी मिळवलेले नाहीत, याची नोंद असावी. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे, आणि करार संपल्यानंतरही त्याची नोंदणी क्लबच्या ताब्यात राहत असे. न्यूकासलने सोडायला नकार दिला, तेव्हा जॉर्ज ईस्टहॅमने खेळ थांबवून कॉर्क विकण्याची नोकरी धरली. १९६३ मध्ये न्यायालयाने ही प्रथा व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरवली. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानचा करार १९९० मध्ये संपला, तेव्हा त्याच्या क्लबने पगार एकचतुर्थांश करून नवा करार पुढे केला आणि दुसरीकडे जाऊ देण्यासाठी शुल्कही मागितले. युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने युरोपात असे शुल्क बंद झाले. निकाल लागेपर्यंत बोस्मानच्या खेळाची उमेदीची वर्षे मात्र निघून गेली होती.

प्रश्न : करार चालू असताना दुसऱ्या क्लबशी बोलणी करता येतात का?

उत्तर : करार संपायला शेवटचे सहा महिने उरले असतील तर खेळाडूला दुसऱ्या क्लबशी आगाऊ करारही करता येतो. मात्र बोलणी सुरू करण्याआधी नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवणे बंधनकारक आहे. जूनअखेर संपणाऱ्या करारात ही मोकळीक १ जानेवारीला मिळते, त्यामुळे करार वाढवून घेण्यासाठी क्लबची खरी धडपड त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दिसते.