क्युबेक सिटीत स्वस्तात राहायचं, तेही आई-बाबांना घेऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिसिसागाहून गाडीने निघायचं, सोबत सोलापूरहून आलेले आई-बाबा, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानांचे रंग बघायला क्युबेक सिटीत तीन रात्री. राहण्याचं बजेट सगळ्यांचं मिळून रात्रीला तीनशे कॅनडियन डॉलर. आणि तटबंदीच्या आत, जुन्या शहरापासून लांबच्या सँत-फ्वा भागात की नदीपलीकडे लेव्हीत, यातलं काय निवडावं. आईचे गुडघे दुखतात हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय. माझ्या मते सगळं नियोजन त्या ओळीपासून सुरू करा.

मी माँट्रियलला राहते. घरी भारतातून पाहुणे आले की क्युबेक सिटी ठरलेली, त्यामुळे तिथल्या जवळपास प्रत्येक भागात कधी ना कधी मुक्काम झाला आहे. त्यावरून माझी एकच कसोटी बनली आहे: दुपारी जेवून खोलीवर येऊन तासभर पडता आलं पाहिजे. ज्येष्ठ माणसं सकाळी उत्साहाने फिरतात आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा बाहेर पडायला तयार असतात. मधली दुपार मात्र त्यांना बाकावर बसून काढायला लावली की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. खोली वीस-तीस डॉलरनी स्वस्त पण आठ-दहा किलोमीटर लांब असेल, तर ती दुपार हातची जाते.

आता शहराची ठेवण समजून घ्या, कारण ती नकाशावर दिसत नाही. सॅम्युएल द शाँप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ मध्ये सेंट लॉरेन्स नदीच्या काठाला, कड्याच्या पायथ्याशी वस्ती केली. पुढे कड्यावर शहर वाढलं आणि त्याला तट बांधला गेला. आपल्या गडांच्या भाषेत सांगायचं तर वर बालेकिल्ला आणि खाली पेठ. वरच्या शहरात शातो फ्रॉन्तनाक हे १८९३ चं प्रसिद्ध हॉटेल, डफरिन टेरेस, तट आणि दरवाजे. खालच्या शहरात प्लास रॉयाल, १६८८ चं नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार चर्च आणि पती-शाँप्लँची गल्ली. नकाशावर दोन्हींतलं अंतर चार पावलं वाटतं, पण मध्ये उभा कडा आहे. पायऱ्या आहेत, चढाचा रस्ता आहे आणि १८७९ पासून चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे कड्यावर रुळांवरून वर-खाली नेणारी गाडी आहे. आईंना खाली नेताना आणि वर आणतानाही फ्युनिक्युलरच घ्या. दर माणशी काही डॉलर पडतात, पण ते वाचवायच्या यादीत धरू नका. गुडघेदुखीत उतरणंही चढण्याइतकंच त्रासाचं असतं.

पैशांचा हिशेब आधी करू. संकेतस्थळावर दिसणारा दर हा करांशिवायचा असू शकतो. क्युबेकमध्ये हॉटेलच्या दरावर ३.५ टक्के निवास कर लागतो, आणि त्यावर ५ टक्के केंद्राचा आणि ९.९७५ टक्के प्रांताचा विक्रीकर. सगळं मिळून दर जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तुमच्या तीनशेत मूळ दर साधारण २५२ डॉलरच बसतो. पाच माणसं एका खोलीत बहुतेक हॉटेलं घेत नाहीत, चारपर्यंतच घेतात. दोन खोल्या घेतल्या तर प्रत्येकी १२६ डॉलर. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच शोधायला बसा, नाहीतर सगळं ठरल्यावर बिल साडेतीनशेच्या पुढे गेलेलं दिसेल. त्यात गाडीचं पार्किंग धरा. तटाच्या आतल्या बहुतेक छोट्या हॉटेलांकडे स्वतःची जागा नसते. नगरपालिकेच्या इमारतीखाली आणि प्लास द्यूव्हिल चौकाच्या खाली भुयारी पार्किंग आहे, तिथे गाडी लावून तीन दिवस तिला हात न लावणं सगळ्यात सोयीचं. जुन्या शहरात गाडी काढण्यात काहीच अर्थ नाही.

तारखांबद्दल स्पष्टच सांगते. रंगांचा भर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत असतो. नेमक्या त्याच काळात बंदरात मोठी क्रूझ जहाजं येतात. काही सफरी इथेच सुरू होतात किंवा संपतात, त्या दिवशी प्रवासी हॉटेलांत उतरतात आणि दर चढतात. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कॅनडाचं थँक्सगिव्हिंग. तो शनिवार-रविवार तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, विसरा. मुलीच्या शाळेचे दोन-तीन दिवस बुडवायची तयारी असेल तर रविवारी पोहोचा आणि बुधवारी निघा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री टाळल्या की त्याच खोलीचा दर बराच खाली येतो. हा एक बदल बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठा आहे.

तटाच्या आत राहण्याचं आकर्षण मला पूर्ण समजतं. ह्या भागाला युनेस्कोने १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरवलं, आणि मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर. सँत-उर्स्युल, सँ-लुई आणि गव्हर्नर्स गार्डनच्या भोवतालच्या रस्त्यांवर जुन्या दगडी घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत. शातो फ्रॉन्तनाकपासून दोन मिनिटांवर, आणि दर त्याच्या मानाने खूप कमी. पण ती घरं आतून कशी असतात ते नीट ऐका. दार उघडलं की समोर अरुंद जिना, त्यावर गालिचा, आणि जिना वळणाचा, त्यामुळे पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. तेवीस किलोची बॅग घेऊन वर जाताना ती आधी वरच्या पायरीवर ठेवायची, मग आपण चढायचं, मग पुन्हा बॅग. कठडा एकाच बाजूला. स्वस्त खोल्या नेहमी सगळ्यात वर, छपराखाली. न्हाणीघर इतकं लहान की दार लावायला आधी बाजूला सरकावं लागतं, आणि काही ठिकाणी ते मजल्यावर सामाईक. तुम्ही दोघं असता तर मी डोळे झाकून इथे राहा म्हटलं असतं. आईंसाठी मात्र तळमजल्याची खोली हॉटेलने लेखी कबूल केली तरच. 'विनंती नोंदवली आहे' हे उत्तर पुरेसं समजू नका, खोलीचा क्रमांक मागा.

तटाच्या आत आणखी एक वेगळी जागा आहे, ऑगस्टीन साध्वींचा मठ. ह्या साध्वी १६३९ मध्ये फ्रान्सहून आल्या आणि मेक्सिकोच्या उत्तरेचं पहिलं इस्पितळ त्यांनी इथे उभं केलं. २०१५ पासून मठात पाहुण्यांना राहता येतं. साध्वींच्या मूळ कोठड्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत, न्हाणीघर सामाईक. शेजारी आधुनिक खोल्याही आहेत, त्या महाग. सकाळची न्याहारी मौनात करतात. लहान मुलगी बरोबर असताना याचा विचार जपून करा, पण आई-बाबांना शांतता आवडत असेल तर त्या कोठड्यांचा दर नक्की बघा.

माझी पहिली पसंती मात्र तटाच्या जेमतेम बाहेर, सँ-जाँ दरवाजा आणि प्लास द्यूव्हिलच्या परिसराला. तुम्ही वरच्याच शहरात असता, दरवाजातून आत गेलं की जुनं शहर सुरू, आणि इथल्या हॉटेलांच्या इमारती नव्या असल्यामुळे लिफ्ट असते. बसचा मुख्य थांबा दारात. फक्त पत्ता बघताना एक काळजी घ्या. सँ-जाँ रस्त्याला काटकोनात उत्तरेकडे जाणारे रस्ते एकदम खाली घसरतात. 'सँ-जाँपासून शंभर मीटर' असं लिहिलेलं घर प्रत्यक्षात उभ्या उताराच्या तळाशी निघू शकतं. रस्त्याचं चित्र दाखवणाऱ्या नकाशावर तो उतार आधी डोळ्यांनी बघून घ्या.

इथे दोन खोल्या प्रत्येकी १२६ मध्ये मिळाल्या नाहीत तर खाली सँ-रॉकला या. कामगारांची जुनी वस्ती, आता कॅफे आणि दुकानांची. रस्ते सपाट, हॉटेलं नवी, आणि स्वयंपाकघर असलेली मोठी सदनिका पाच जणांना एकत्र मिळण्याची शक्यता इथेच जास्त. वरच्या शहरात जायला बस घ्यावी लागते, पण ती काही मिनिटांचीच, म्हणून दुपारची विश्रांती इथूनही जमते. खाजगी सदनिका घेणार असाल तर जाहिरातीत प्रांताच्या नोंदणीचा क्रमांक आहे का ते तपासा. तो असणं कायद्याने सक्तीचं आहे. क्रमांक नसेल तर दर कितीही चांगला असो, पुढे जा.

सँत-फ्वाची हॉटेलं स्वच्छ असतात, खोल्या मोठ्या, पार्किंग बरेचदा फुकट. जोडपं आणि गाडी एवढंच असेल किंवा शहराबाहेरच जास्त फिरायचं असेल तर उत्तम. तुमच्यासाठी नाही. रोज पाच जणांची बस किंवा जुन्या शहरातलं पार्किंग, आणि दुपारची सोय नाहीच. लेव्हीबद्दलचा तुमचा विचार चांगला होता, कारण फेरीबोट दहा-बारा मिनिटांत पलीकडे नेते. पण लेव्हीची बहुतेक हॉटेलं धक्क्याजवळ नाहीत, महामार्गाकडेला आहेत, आणि फेरी उतरवते ती खालच्या शहरात. म्हणजे कडा पुन्हा समोर. त्या फेरीने एका संध्याकाळी नुसतं जाऊन या. परतताना कड्यावरचं शातो फ्रॉन्तनाक आणि त्याखालचं सगळं शहर समोर येतं, आणि त्यासाठी वेगळी बोटसफर करायची गरज उरत नाही.

जेवणाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण आई-बाबा शाकाहारी असतील तर हॉटेल निवडताना तो लागतोच. इथलं पारंपरिक वाटाण्याचं सूप आणि राजम्यासारखं दिसणारं बीन्सचं भांडं, दोन्हींत बहुधा डुकराचं मांस असतं. पुतीन म्हणजे बटाटे आणि चीज, म्हणून निर्धास्त मागवू नका. वरचा रस्सा मांसाच्या अर्काचा असतो. बऱ्याच ठिकाणी शाकाहारी रस्सा मिळतो, मागावा लागतो. क्रेप, पिझ्झा, सूप-ब्रेड यांवर एक वेळ निभते. म्हणून खोलीत फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि किटली हवीच. स्वयंपाकघर मिळालं तर मूगडाळीची खिचडी करा, दही-दूध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मात्र साध्या खोलीत इंडक्शन लावून फोडणी करू नका. धुराची घंटा लगेच वाजते आणि सगळी इमारत बाहेर येते. १८४५ मध्ये महिन्याभराच्या अंतराने लागलेल्या दोन आगींत सँ-रॉक आणि सँ-जाँ भाग भस्मसात झाले होते. त्या शहरात आगीची भीती खरी आहे.

फिरण्याचा खर्च फार नाही. तटावरून चालणं, डफरिन टेरेस, संसदभवनाचा परिसर, अब्राहमचं पठार, सगळं मोकळं. १३ सप्टेंबर १७५९ च्या लढाईत ह्याच पठारावर इंग्रजांचा वुल्फ पडला आणि फ्रेंचांचा माँकाम दुसऱ्या दिवशी गेला. गव्हर्नर्स गार्डनमध्ये दोघांचा मिळून एकच स्तंभ आहे, १८२८ चा. जिंकलेल्या आणि हरलेल्या सेनापतींचं एकत्र स्मारक बाबांना नक्की दाखवा. आणि डफरिन टेरेसवर बसल्यावर त्यांना हेही सांगा की कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना ज्या लॉर्ड डफरिनने हा तट पाडू दिला नाही, तोच १८८४ मध्ये भारताचा व्हाइसरॉय झाला. हिंदुस्थानात बायकांसाठी इस्पितळं काढणारा निधी त्याच्या पत्नीचा. सोलापूरच्या डफरीन चौकामुळे हे नाव त्यांच्या ओळखीचं असणारच.

माँमोरँसीचा धबधबा ८३ मीटरचा, उंचीने नायगाराहून मोठा. प्लास द्यूव्हिलहून ८०० क्रमांकाची बस तिकडे जाते, गाडी काढायची गरज नाही. तिथेही वर जायला रोपवेचा पाळणा आहे, पायऱ्यांच्या नादी लागू नका.

प्रवास एका दमात करू नका. मिसिसागाहून आठशे किलोमीटरच्या वर होतं. जाताना किंग्स्टन किंवा माँट्रियलला एक रात्र थांबा.

आता आरक्षणाचं. मोठ्या संकेतस्थळावर किंमत बघा, मग थेट हॉटेलला फोन करा. सुरुवातीला 'बाँजूर' म्हटलंत की पुढचं सगळं इंग्रजीत होतं. चार गोष्टी विचारा: करांसह एकूण किती, लिफ्ट आहे का आणि ती थेट रस्त्याच्या पातळीपासून आहे का, पार्किंग कुठे आणि किती, रद्द करायची शेवटची तारीख कोणती. लिफ्टचा दुसरा भाग सोडू नका; काही इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच सहा-सात पायऱ्या असतात. फुकट रद्द करता येणारं आरक्षण आत्ताच करून ठेवा, आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी दर पुन्हा बघा. उतरला असेल तर नवं घ्या आणि जुनं सोडा.