सिंगापूरला पहिल्यांदा जाताय? खाण्याचं एवढं सांभाळा

मॉलमधल्या रेस्टॉरंटात शिरायची घाई नको, तिथे बिलावर सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. सरळ हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल असलेली जागा, गाठा: मॅक्सवेल किंवा लिटल इंडियातलं टेक्का.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती जागा कुणीतरी धरलेली असते. तुम्हीही तसंच करा आणि मग रांगेत लागा.
- ट्रे स्वतः परत ठेवा. २०२१ पासून सक्ती आहे.
- शाकाहारी असाल तर नुसतं ‘नो मीट’ पुरत नाही. भाजीवर बऱ्याचदा ऑयस्टर (शिंपल्यांचा) सॉस असतो, सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेकदा कोळंबीची पेस्ट. दोन्ही नावं घेऊन विचारा.
- ‘कोपी’ मागितली की कंडेन्स्ड मिल्कची गोडमिट्ट कॉफी येते. बिनसाखरेची काळी हवी तर ‘कोपी ओ कोसोंग’.

चिली क्रॅबचं नंतर बघू. आधी चिकन राइस खाऊन बघा, फार सुरेख असतो!