१६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही चित्र फरफटतं आणि माउस जड वाटतो: आधी निदान, मग सेटिंग

तुमचा प्रश्न असा: नवा १६५ हर्ट्झचा व्हीए (पॅनलचा एक प्रकार) मॉनिटर घेतला, खोक्यावर १ मिलिसेकंद रिस्पॉन्स टाइम (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) छापलाय, तरी शूटर गेममध्ये झटकन वळलं की शत्रू फरफटल्यासारखा दिसतो आणि माउस जड वाटतो. मॉनिटर परत करू का?

एवढ्यात नको. ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्ही एकत्र धरून दिसेल ती सेटिंग बदलत बसलात तर काहीच हाती लागणार नाही, कारण एकावरचा उपाय बरेचदा दुसरं दुखणं वाढवतो.

सगळ्यात आधी विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. नवा मॉनिटर जोडल्यावर तो ६० वरच राहिलेला असणं फार नेहमीचं आहे. १६५ चा पर्यायच दिसत नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल लावा. गेममधलं ‘मोशन ब्लर’ही बंद करा, तो परिणाम गेम मुद्दाम घालतो.

आता चित्राचं. फरफट दोन कारणांनी होते. एक, पिक्सेल रंग बदलायला वेळ लावतो. दुसरं, पिक्सेल कितीही चपळ असला तरी प्रत्येक फ्रेम (गेमचं एक चित्र) पुढची येईपर्यंत पडद्यावर जागच्या जागी थांबलेली असते, पण हलत्या वस्तूमागे आपली नजर मात्र सरकत राहते, आणि तेवढ्या वेळात चित्र डोळ्यातच पसरतं. हिशोब सोपा आहे: वस्तू सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने जात असेल, तर फ्रेम जितके मिलिसेकंद थांबते साधारण तितके पिक्सेल ती पसरते. ६० हर्ट्झला जवळपास १७, १६५ ला ६, २४० ला ४. म्हणूनच ओएलईडी पॅनलचे पिक्सेल जवळजवळ तत्काळ बदलत असले तरी सेकंदाला ६० फ्रेमवर तिथेही चित्र पुसट दिसतं. आणि तुमचा गेम ८० फ्रेमवर चालत असेल, तर मॉनिटर १६५ चा असूनही तुम्हाला पुसटपणा ८० चाच मिळणार.

यातलं नेमकं काय होतंय ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने कळतं. ब्राउझरमध्ये यूएफओ टेस्ट (सरकत्या उडत्या तबकडीची चाचणी) लावा, कॅमेरा प्रो मोडला टाका, शटर १/१००० ठेवा आणि सरकत्या तबकडीचा फोटो काढा. फोटोत तबकडी स्वच्छ, पण डोळ्याला पुसट, तर पिक्सेल ठीक आहेत, फ्रेम रेट वाढवायला हवा. फोटोतही मागे सावली दिसली तर पिक्सेल मंद. आणि सावलीऐवजी मागच्या कडेला पांढुरकी किंवा उलट्या रंगाची किनार दिसली तर ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर लावून लवकर रंग बदलायला लावणारी सेटिंग) जास्त झालाय.

ओव्हरड्राइव्ह मॉनिटरच्या मेनूत असतो, कुठे त्याला ‘रिस्पॉन्स टाइम’ म्हणतात. त्याची सगळ्यात वरची पायरी जवळपास नेहमीच टाकाऊ असते. खोक्यावरचा १ मिलिसेकंद बहुधा त्याच पायरीवर किंवा बॅकलाइट स्ट्रोबिंग (पडद्यामागचा दिवा सतत न ठेवता लुकलुकवणं) चालू ठेवून मिळवलेला असतो. मधली पायरी लावून पुन्हा फोटो काढा. मात्र खेळताना तुम्हाला प्रत्यक्षात जेवढे फ्रेम मिळतात तेवढ्यावरच ही पारख करा. १६५ ला नेटकी दिसणारी पायरी ७० फ्रेमवर किनारी सोडू शकते.

व्हीएचं एक दुखणं मात्र सेटिंगने पुरतं जात नाही. काळ्यावरून गडद करड्या रंगावर जायला हा पॅनल सगळ्यात जास्त वेळ घेतो. अंधाऱ्या बोळातून कुणी बाहेर पडलं की त्याच्या मागे काळपट डाग ओढला जातो, तो हाच. गेममधली ब्राइटनेस किंवा मॉनिटरचं ‘ब्लॅक इक्वलायझर’ (गडद भाग उजळवणारी सेटिंग) थोडं वाढवलं की तो कमी होतो. तुमची तक्रार मुख्यतः अंधाऱ्या दृश्यांतली असेल आणि एवढं करूनही डोळ्यांना खुपत असेल, तर परतीची मुदत संपायच्या आत आयपीएस किंवा ओएलईडी घ्या. बाकी कुठल्याही कारणासाठी मॉनिटर बदलायची गरज मला दिसत नाही.

बॅकलाइट स्ट्रोबिंगने पुसटपणा खरोखर कमी होतो, कारण दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभरच लागतो. पण उजेड घटतो, काहींचं डोकं दुखतं, बहुतेक मॉनिटरवर ॲडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरने गेमच्या फ्रेम रेटशी जुळवून घेणं) सोडावं लागतं, आणि पिक्सेल स्थिरावेपर्यंत दिवा थांबतो म्हणून लॅग (उशीर) थोडा वाढतो. शिवाय फ्रेम रेट रिफ्रेश रेटइतकाच पक्का टिकला नाही तर एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. १६५ टिकत नसतील तर रिफ्रेश रेटच १२० वर आणा. व्हीएवर मात्र स्ट्रोबिंगकडून फार आशा ठेवू नका.

आता जड माउस. इथे संशय मॉनिटरवर आधी घेऊ नका. चांगल्या गेमिंग मॉनिटरचा स्वतःचा लॅग काही मिलिसेकंदांचाच असतो. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो ९८-९९ टक्क्यांवर चिकटलेला असेल तर दोषी बहुतेक तोच. कार्डाला उसंत नसली की प्रोसेसर पुढच्या फ्रेमची कामं रांगेत लावत जातो, आणि तुमची क्लिक त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. सावल्या, रिफ्लेक्शन खाली आणा आणि फ्रेम रेटला अशी मर्यादा घाला की वापर ९५ च्या खाली राहील. गेममध्ये रिफ्लेक्स (एनव्हिडियाचं) किंवा अँटी-लॅग २ (एएमडीचं) असेल तर चालू करा, ते ही रांगच साचू देत नाहीत.

नुसतं व्ही-सिंक (फ्रेमला पडद्याच्या ठेक्यासाठी थांबवणारी सेटिंग) लावून खेळत असाल तर माउस जड होणारच. त्याऐवजी ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करा आणि फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटच्या किंचित खाली, तुमच्याकडे १६० च्या आसपास ठेवा. मर्यादा १६५ वर ठेवलीत तर फ्रेम वरच्या टोकाला आपटतात आणि व्ही-सिंकही चालू असेल तर त्याचा लॅग परत येतो.

माउसचा पोलिंग रेट (तो सेकंदाला किती वेळा संगणकाला खबर देतो) १००० करा. १२५ ला संगणकाला दर ८ मिलिसेकंदांनीच खबर मिळते. मॉनिटरमधलं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. आणि फ्रेम जनरेशनच्या (खऱ्या फ्रेमांच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालण्याच्या) आकड्यावर भुलू नका: मधल्या फ्रेम नंतर भरलेल्या असतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण हाताला प्रतिसाद मूळ फ्रेम रेटचाच मिळतो, वर थोडा उशीरच. स्पर्धात्मक शूटरमध्ये ते बंदच ठेवा.