डेव्हिड मेडाला यांना केवळ शिल्पकार का म्हणता येत नाही?

मनिलात जन्मलेले आणि 1960 च्या दशकात लंडनमध्ये नावारूपाला आलेले डेव्हिड मेडाला हे शिल्पकार होतेच, पण कवी, संपादक, नृत्य-नाट्याचे प्रयोग करणाऱ्या ‘एक्स्प्लोडिंग गॅलक्सी’ या समूहाचे संस्थापक आणि चळवळीतले कार्यकर्तेही होते. त्यांची ‘क्लाउड कॅन्यन्स’ ही शिल्पे पाहिली की हे चटकन उमगते: उभ्या नळ्यांतून साबणाचा फेस हळूहळू वर येतो, कडेवरून ओघळतो, विरतो आणि पुन्हा उसळतो, त्यामुळे त्या शिल्पाचा आकार दोन क्षणही सारखा राहत नाही.

मला स्वतःला मात्र 1968 पासूनची ‘अ स्टिच इन टाइम’ ही कलाकृती अधिक जवळची वाटते. निरोप घेणाऱ्या दोन प्रियजनांना त्यांनी विमानतळावर रुमाल, सुया आणि दोरा देऊन वाटेत हवे ते शिवायला सांगितले होते. पुढे त्याच कल्पनेतून टांगलेले लांबलचक कापड प्रदर्शनात आले, ज्यावर येणारा कोणीही तिकीट, नाणे, चिठ्ठी असे काहीही टाक्यांनी जोडू शकत असे. 2017 च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातही लोक त्यावर शिवत होते. 2020 च्या डिसेंबरात मनिलातच त्यांचे निधन झाले.